अनारसे बंद केले तेव्हा कळलं वेळ जातो कुठे

दोन वर्षांपूर्वीची धनत्रयोदशीची आदली रात्र, दीड वाजलेला, आणि कढईत माझे अनारसे हसले. ज्यांनी अनारसे कधी केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हसले म्हणजे तुपात सोडल्या सोडल्या जाळी जाळी होऊन विरघळून पसरले. पीठ सैल झालं, गूळ जरा जास्त पडला की होतं असं, मग ते तूप गाळा, तळाशी जळलेली खसखस काढा, कढई पुसा आणि परत मंद आचेवर ठेवून वाट बघत बसा. फ्रिजला चिकटवलेल्या कागदावर १४ ऑर्डरी बाकी होत्या, त्यातल्या ११ नुसत्या चकलीच्या. आणि मी ४ किलो अनारशांसाठी जागत होते, का तर "अनारसे खावेत तर हिच्या हातचे" असं आमच्या सोसायटीत म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं.

घरून फराळाच्या ऑर्डरी घेते मी, डोंबिवलीत, बरीच वर्षं झाली. दर दिवाळीला ठरवायचे की या वेळी नीट प्लॅनिंग करायचं, आणि प्लॅनिंग म्हणजे काय तर पहाटे चारला उठायचं, मोबाईलमध्ये यादी करायची, एका शेगडीवर भाजणी आणि दुसरीवर पाक असं एकदम दोन्ही. वेग वाढला माझा, खोटं नाही सांगत. पण ऑर्डरी उशिरा जायच्या त्या जायच्याच. कारण मी कायम एकच प्रश्न विचारत होते की हे लवकर कसं उरकू, आणि हे मी करतेय कशाला हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत डोक्यात आलाच नव्हता.

मुलगी तेव्हा कॉमर्सला होती. तिने दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सहज विचारलं, आई तुझा अनारशांचा संधी खर्च किती? मी म्हटलं, हे काय नवीन. तर अर्थशास्त्रातली ही एकदम बेसिक कल्पना आहे. आपण कुठल्याही गोष्टीचा खर्च म्हणजे त्यात गेलेले पैसे धरतो, फार तर गेलेले तास धरतो. पण खरा खर्च म्हणजे ती गोष्ट केल्यामुळे जी दुसरी गोष्ट राहून गेली ती. एकच नाही, राहून गेलेल्यांतली सगळ्यात चांगली. ती कुठल्या बिलात दिसत नाही, म्हणून मोजायची सवयच लागत नाही.

मोजूया मग. माझ्या वहीतले त्या वर्षीचे आकडे आहेत, साधारण धरा. १ किलो अनारशामागे सामान वजा जाता मला ४५० रुपये सुटायचे, १ किलो चकलीमागे २२०. कोणीही म्हणेल अनारसे करा, दुपटीपेक्षा जास्त सुटतात, मी पण तेच म्हणत होते. पण अनारसा तांदूळ तीन दिवस भिजवण्यापासून सुरू होतो, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवायचे, दळायचे, गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं, आणि एवढं करून तळताना एका वेळी दोनच जातात, खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचे नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत बसायचं. सगळं मिळून किलोला माझे २ तास जायचे. चकलीची भाजणी तयार असली की तासाला २ किलो निघतात माझ्या. म्हणजे १ किलो अनारसे केले तेव्हा ४ किलो चकली राहिली. ४५० मिळवायला ८८० सोडले. ४ किलो अनारसे म्हणजे १६ किलो चकली, आणि कागदावर चकलीच्याच ११ ऑर्डरी लटकलेल्या. जी गोष्ट मी सगळ्यात फायद्याची समजत होते तीच मला सगळ्यात महाग पडत होती.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती कळली नाही तर सगळा हिशोब उलटा बसतो. किलोमागे किती सुटतात हे बघून उपयोग नाही, जी गोष्ट आपल्याकडे कमी पडतेय तिच्यामागे किती सुटतात ते बघायचं. दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मला पीठ कमी पडत नाही, गिऱ्हाईक कमी पडत नाही, माझे कढईसमोरचे तास कमी पडतात. म्हणून हिशोब तासावर. उलट बाकीच्या वर्षात तास पडून असतात, तेव्हा अनारशांनी कुणाची जागा अडवलेली नसते. २०२३ ला अधिक श्रावण होता, जावयाला ३३ अनारशांचं वाण द्यायचं असतं, तेव्हा मी महिनाभर अनारसेच करत होते आणि ते अगदी बरोबर होतं, कारण त्या दिवसांत चकली कोण मागतंय. पदार्थ तोच, हात तेच, पण राहून जाणारी गोष्ट बदलली की खर्च बदलतो. त्यामुळे कुणी जेव्हा सांगतं ना की अमुक काम म्हणजे वेळ वाया घालवणं, तेव्हा विचारायचं, कधी? आणि त्याच्या जागी काय होणार होतं?

आता याच्यापेक्षा अवघड भाग. अनारसे सोडणं त्या मानाने सोपं, आकडे सरळ विरुद्ध होते. पण जे काम आपण दुसऱ्यापेक्षा चांगलं आणि पटापट करतो ते पण सोडायचं का? आपल्याकडे तर घराघरात वाक्य ठरलेलं आहे, "तुला सांगण्यापेक्षा मीच केलं तर लवकर होईल." आणि ते खरंही असतं, म्हणून तर फसतो आपण.

डेव्हिड रिकार्डो म्हणून लंडनचा एक शेअर दलाल होता, बाजारात भरपूर पैसा कमावला आणि मग अर्थशास्त्राकडे वळला. त्याने १८१७ मध्ये एक उदाहरण मांडलं. ठरावीक कापड करायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात आणि ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला तेवढंच कापड ९० माणसांत होतं आणि वाइन ८० माणसांत. म्हणजे पोर्तुगाल दोन्हीत भारी. तरीसुद्धा रिकार्डो म्हणतो पोर्तुगालने वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, त्यात दोघांचा फायदा. पहिल्यांदा ऐकलं की डोकं गरगरतं, की अरे जो दोन्हीत पुढे आहे त्याने दुसऱ्याकडून का घ्यायचं?

मला ते चकली आणि शंकरपाळ्यांवर कळलं. माझ्याकडे मदतीला एक मावशी येतात. मी तासाला २ किलो चकली करते किंवा ३ किलो शंकरपाळे. मावशी तासाला अर्धा किलो चकली करतात, सोऱ्या फिरवताना त्यांच्या चकल्या तुटतात, किंवा २ किलो शंकरपाळे. दोन्हीत माझा हात पुढे. आम्ही पूर्वी दोघी सगळंच करायचो, ४ तास चकली, ४ तास शंकरपाळे. माझी ८ किलो चकली अन १२ किलो शंकरपाळे, मावशींची २ किलो चकली अन ८ किलो शंकरपाळे, एकूण १० किलो चकली, २० किलो शंकरपाळे.

मग वाटणी बदलली. मावशी पूर्ण ८ तास शंकरपाळेच, झाले १६ किलो. मी ५ तास चकली, झाली १० किलो, म्हणजे चकली पहिल्याइतकीच. शंकरपाळे ४ किलो कमी पडतात ते मी १ तास २० मिनिटांत काढते. संपलं. तोच माल, त्याच दोघी, आणि माझा १ तास ४० मिनिटं वेळ उरला. कोणी हात भराभर चालवला नाही, कोणी चारला उठलं नाही. हा वेळ आला कुठून? तर मावशींना १ किलो चकली करायची म्हणजे ४ किलो शंकरपाळ्यांवर पाणी सोडायला लागत होतं आणि मला फक्त दीड किलोवर. त्यांची चकली महाग होती, माझी स्वस्त. आणि शंकरपाळ्यांचं उलट, माझे महाग, कारण माझ्या प्रत्येक किलो शंकरपाळ्यात दोन तृतीयांश किलो चकली बुडत होती, मावशींच्या फक्त पाव किलो. कोण जास्त चांगलं करतं याला इथे काही अर्थच नाही, कोण काय सोडून ते करतंय एवढंच बघायचं.

हे कळल्यावर ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या भावाला सांगितलं, तो टीम लीडर आहे आणि ज्युनिअर पोरांच्या एक्सेल शीट स्वतः दुरुस्त करत रात्री आठपर्यंत बसतो कारण "त्यांना दोन तास लागतात, मी अर्ध्या तासात करतो." मी म्हटलं, अरे पण तुझ्या त्या अर्ध्या तासात काय होऊ शकलं असतं जे त्या पोरांना दोन दिवसांत पण जमणार नाही? तो गप्प बसला. नंतर म्हणाला बघतो. अजून बघतोच आहे.

बरं, एवढं सोपं आहे तर सुचत का नाही? यावर २०२१ मध्ये नेचर मासिकात एक मजेशीर संशोधन आलं होतं, व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांचं. लेगोचे ठोकळे असतात ना, त्याचं एक छोटं बांधकाम दिलं ज्याचं छप्पर एका कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर टेकलेलं होतं, आणि सांगितलं की हे पक्कं करा म्हणजे वर वीट ठेवली तरी पडणार नाही. नवीन ठोकळा लावला तर बक्षिसाच्या पैशांतून प्रत्येकी १० सेंट कापणार. सगळ्यात सोपा आणि फुकट उपाय म्हणजे तो एक ठोकळाच काढून टाकायचा, छप्पर खालच्या थरावर आरामात बसतं. साध्या सूचना दिलेल्यांपैकी ४१ टक्के लोकांनीच काढला. आणि ज्यांना मुद्दाम आठवण करून दिली की काढायला पैसे पडत नाहीत, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांनी. काढायला बंदी कुणालाच नव्हती, पण आपला हात आधी लावण्याकडेच जातो. मी तेच केलं होतं. ऑर्डरी उशीर होतायत तर अजून एक शेगडी घेतली, अजून एक मोठी कढई, एक ॲप. यादीतून काही खोडायचं असतं हे कुणी म्हणेपर्यंत लक्षातच येत नाही, म्हणून ते मुद्दाम, वेळ ठरवून करायला लागतं. मी नवरात्र बसायच्या आधी करते, वही घेऊन, आणि त्या दिवशी नवीन काही ठरवायचं नाही असा नियम.

दुसरं कारण म्हणजे आधी घातलेला पैसा. अनारसे बंद करायचे म्हटल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं, तर खास अनारशांसाठी घेतलेली पितळी कढई, कल्हई करून आणलेली, आणि सासूबाईंकडून शिकण्यात घालवलेली ती दोन वर्षं. अमेरिकेत ओहायो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, १९८५ मध्ये तो छापून आला, नाटकांच्या सीझनचे पास काढायला आलेल्या काही लोकांना पूर्ण किमतीत पास दिला आणि काहींना चिठ्ठी काढल्यासारखं सवलतीत. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. सीझनच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. म्हणजे आज संध्याकाळी नाटकाला जावं का हे त्यांचं पाकीट ठरवत होतं, तेही रिकामं होऊन गेलेलं पाकीट. कढईचे पैसे मी अनारसे केले तरी गेलेत आणि नाही केले तरी गेलेत. ती कढई आता बेसन भाजायला वापरते, काही बिघडलं नाही.

आता तो उरलेला १ तास ४० मिनिटं. पहिल्या वर्षी मी लगेच तिथे अजून ऑर्डरी घेतल्या, आणि परत तेच, उशीर, फोन, रडारड. याचं कारण कळायला मला रांगांचं गणित वाचायला लागलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक गणिती काम करायचा, त्याने १९०९ पासून फोन कॉलचं गणित मांडलं, की लोक कधीही फोन करतात, कोण किती बोलेल याचा नेम नाही, मग माणसं ताटकळू नयेत म्हणून लाइनी किती ठेवायच्या. त्याच शास्त्रात पुढे एक छोटंसं सूत्र आलं. काम अधूनमधून, कसंही येतंय, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त आहे आणि करणारं माणूस एकच आहे, तर सरासरी किती कामं तुमच्याकडे पडून असतील? तुमचा भरलेला वेळ भागिले रिकामा वेळ.

५० टक्के भरलेले असाल तर ५० भागिले ५०, म्हणजे १. ८० टक्के भरलेले तर ८० भागिले २०, म्हणजे ४. ९० टक्के तर ९. ९५ टक्के तर १९. परत वाचा. ९० वरून ९५ वर गेलात, काम जेमतेम वाढलं, आणि डोक्यावरच्या ऑर्डरी ९ च्या १९ झाल्या. शंभराच्या जवळ गेलात की आकड्याला काही मर्यादाच राहत नाही. लोकलने जाणाऱ्याला हे सांगायला नको, दुपारी गाडी दोन मिनिटं थांबली तर कुणाला पत्ता लागत नाही, सकाळी साडेआठला तीच दोन मिनिटं मागच्या सगळ्या गाड्यांना लागतात, कारण मध्ये मोकळी जागाच नसते भरून काढायला. माझ्याकडे ती मोकळी जागा म्हणजे अनारसे हसले, गॅस संपला, मावशींच्या नातवाला ताप आला, यासाठीचा तास. तो मी रिकामा समजत होते. आता दिवसातले दोन तास वहीवर रेघ मारून ठेवते आणि तिथे ऑर्डर घेत नाही, बहुतेक वेळा ते भरतातच काही ना काही निघून, आणि एखाद्या दिवशी नाही भरले तर मी झोपते. नवरा विचारतो, दिवाळीच्या तोंडावर दुपारी झोपलीस? हो, झोपले.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर न करायच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. कमी तिखट, मध्यम तिखट, जास्त तिखट असे चकलीचे तीन प्रकार बंद, एकच. पाव किलोची पाकिटं बंद, ती भरण्यात आणि वजन करण्यातच जीव जायचा. दिवसभर व्हॉट्सॲपवर "ताई भाव काय" ला उत्तरं देणं बंद, भावाचा फोटो एकदाच स्टेटसला टाकते आणि दुपारी एक अन रात्री नऊला मेसेज बघते. यात शहाणपणाचं काही नाही, हे कुणालाही सुचेल.

पण एकदा चुकीची गोष्ट खोडली होती ती सांगायला हवी. उत्साहाच्या भरात भाजणी घरी भाजणं बंद केलं. तांदूळ, हरभरा डाळ, मूग, उडीद, पोहे, धणे, जिरं, प्रत्येक वेगळं भाजायचं, कशाला किती वेळ ते हाताला कळतं, त्यात माझा एक अख्खा दिवस जायचा. म्हटलं तयार भाजणी आणू, दिवस वाचला. पहिल्या घाण्याच्या चकल्या दिसायला सुरेख, डब्यात घातल्या आणि तिसऱ्या दिवशी मऊ पडल्या. ६ किलोचे पैसे परत केले आणि तोंड वर करून बघायची सोय राहिली नाही. हिशोब करताना मी फक्त वाचलेला दिवस मोजला होता. त्या एका दिवसावर पुढचे सगळे तास उभे होते ते नाही मोजलं. भाजणीचा दिवस गेला तर माझा चकलीचा तास २ किलोचा राहतच नाही, मग वरचा सगळाच हिशोब कोसळतो. तेव्हापासून काहीही खोडायच्या आधी बघते की याच्यावर अजून काय काय टेकलंय. लेगोचा तो ठोकळा काढता आला कारण खाली पक्का थर होता.

या दिवाळीच्या आधी नाशिकहून एका काकूंचा फोन आला, जुन्या गिऱ्हाईक, दर वर्षी २ किलो अनारसे आणि ३ किलो चकली ठरलेली. मी सांगितलं काकू, अनारसे आता दिवाळीत नाही करत, पण एक मुलगी फार सुंदर करते, तिचा नंबर देते, घरपोच पाठवेल. काकू जरा थांबल्या, म्हणाल्या, "चकली पण करते का ती?" मी म्हटलं, करते. म्हणाल्या, "मग दोन्ही तिच्याकडूनच घेते गं, दोन पार्सलं कशाला."

वहीत लिहून ठेवलंय, अनारसे सोडल्याच्या खर्चात, ३ किलो चकली.